दुसऱ्या टोकाचा खटका

मास्तरांना घाण खपत नसे. आता घाण कुणालाच आवडत नाही म्हणा, पण मास्तरांची घाणीची व्याख्या जरा ऐसपैस होती. केरकचरा, तेलाचे ओघळ, खिडकीत साचलेली विझल्या बिड्यांची थोटकं हे तर झालंच. पण वाकडा ठोकलेला खिळा हीसुद्धा त्यांच्या लेखी घाणच. जी वस्तू एकदा उचलून भागलं असतं ती तीनदा उचलली, तर ती घाण. आणि चार पावलांच्या कामाला नऊ पावलं टाकणारा माणूस म्हणजे तर चालतीबोलती घाण! असं काही दिसलं की त्यांचा वरचा ओठ एका बाजूनं नाकाकडे सरकायचा आणि तोंडातून आपोआप निघायचं, "छी!" त्यामुळे कारखान्यात पाठीमागे त्यांचं नाव छीमास्तर. तोंडावर मात्र नुसतं मास्तर, कारण माणूस कामाला सोन्यासारखा होता आणि जिभेला कानशीसारखा.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. तीसेक माणसं, आणि काम घडीच्या लोखंडी खुर्च्यांचं. खुर्चीचे दोन पाय जिथे एकमेकांवरून आडवे जातात, तिथे एक रिव्हेट, म्हणजे दोन्ही टोकांना चेपलेला खिळा, बसतो. तो सैल बसला तर खुर्ची डुलते, घट्ट बसला तर मिटत नाही. तेवढा एक रिव्हेट मास्तरांनी तीस वर्षं मारला. त्यातली अठरा वर्षं समोर एकच माणूस होता, त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. भाऊजींनी दोन पाइप आडवे धरायचे, भोकावर भोक आणायचं, मध्ये चकती सरकवायची, आणि मास्तरांनी रिव्हेट टाकून पायाखालचं पेडल दाबायचं. दोघांत दिवसभर शब्द नसायचा. लागतच नव्हता.

भाऊजींना कारखान्यात आणलं होतं मास्तरांनीच. बहिणीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा बाकीच्यांनी घर बघितलं, यांनी मुलाचे हात बघितले. नखं कापलेली, अंगठ्याला काम करून पडलेला घट्टा. "हा चालेल," म्हणाले. झालं, ठरलं लग्न.

तर असा सगळा सुरळीत संसार चालू असताना मालक कुठल्याशा चर्चासत्राला गेले आणि परत आले ते 'लीन' नावाची काटकसरीची परदेशी पद्धत घेऊन. सोबत एक सल्लागार. शर्ट असा पांढरा की कारखान्यात त्याच्याकडे बघवेना, आणि गळ्यात धावण्याच्या शर्यतीचं असतं तसं घड्याळ. तो दोन दिवस प्रत्येकाच्या मागे उभा राहिला, घड्याळाचा खटका दाबत. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना जमवून त्यानं सांगितलं की कारखान्यात सात प्रकारची नासाडी असते. गरजेपेक्षा जास्त माल ही नासाडी. विनाकारण चालणं ही नासाडी. थांबून राहणं, उचलठेव, चुकलेलं काम पुन्हा करणं, सगळी नासाडी.

"आता आपण सगळ्यांनी लीन व्हायचं," मालक म्हणाले.

"मालकांपुढे तर आम्ही आधीपासूनच आहोत की," पाठीमागून रंगारी पुटपुटला आणि अर्धी शेड खोकल्याच्या नावाखाली हसली.

मास्तर हसले नाहीत. मास्तर कान टवकारून ऐकत होते. अहो, तीस वर्षं हा माणूस एकटा 'छी' म्हणत आला होता आणि लोक त्याला किरकिऱ्या म्हणत होते. आज तेच सगळं एक शिकलेला माणूस, गळ्यात घड्याळ बांधून, फळ्यावर लिहून सांगत होता! मास्तरांना वाटलं, आपला माणूस भेटला. त्यात मालकांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "एक शब्द देतो. सुधारणेमुळे इथल्या एकाच्याही पोटावर पाय येणार नाही." मग तर काय, मास्तर विरघळलेच.

दुसऱ्या दिवसापासून जमिनीवर पिवळ्या पट्ट्या आल्या. भिंतीवर फळी आली, तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवली, म्हणजे पान्हा जागेवर नसला की लगेच कळावं. महिनाभर न लागलेल्या वस्तूला लाल चिठ्ठी लावून बाहेर काढायची असंही ठरलं. मास्तर रविवारी येऊन पट्ट्या सरळ आहेत का ते दोरी धरून बघून गेले. त्यांच्या बायकोनं कपाळावर हात मारला. "घरचा नळ चार महिने गळतोय, तिथे लावा की एक लाल चिठ्ठी," ती म्हणाली.

मग आले अर्ज. प्रत्येकानं महिन्याला दोन सुधारणा सुचवायच्या. अर्जावर तीन रकाने: आधी कसं होतं, आता कसं आहे, काय वाचलं. आता काय सांगायचं महाराजा! एकानं लिहिलं, बादली दाराजवळून खिडकीजवळ नेली. पुढच्या महिन्यात त्यानंच लिहिलं, बादली खिडकीजवळून दाराजवळ आणली. दोन्ही वेळा 'काय वाचलं' मध्ये 'वेळ'. दोन्ही वेळा टाळ्या. मास्तरांना भिंतीवरचे ते अर्ज वाचून मळमळायला लागलं. "छी! याला सुधारणा म्हणतात? थांबा, दाखवतो तुम्हाला सुधारणा कशाला म्हणतात ते."

इथेच घात झाला. माणसाला दारूची नशा चढते तशी कसबाचीही चढते, आणि ती उतरायला जास्त वेळ लागतो.

जेवणाच्या सुट्टीत मास्तर आणि भाऊजी बसायला लागले. जाड पत्र्याच्या एका पाटावर मास्तरांनी पाइप बसेल अशा खाचा केल्या, टोकाला अडसर लावले, चकती आपोआप घसरून मध्ये येईल अशी छोटी पन्हळ बसवली. याला म्हणायचं जिग. खाचेत दोन पाइप टाकले की भोकावर भोक येणारच, धरायला माणूस नको. बारीक कानसकाम भाऊजींनी केलं. त्यांचा हात जास्त स्थिर. तीन आठवडे खपून भाऊजींनी स्वतःची जागा अशी घासूनपुसून गुळगुळीत केली, आणि शेवटच्या दिवशी पहिली खुर्ची मिटली तेव्हा दोघं शाळकरी पोरांसारखे हसले.

मास्तरांनी अर्ज भरला. तिसऱ्या रकान्यापाशी पेन थबकलं. सगळे 'वेळ' लिहितात. छी! मोघम लिहिणं ही तर सगळ्यात मोठी घाण. काय वाचलं ते नेमकं लिहायला नको? त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'एक माणूस.'

भाऊजींनी वाचलं. "दादा, हे..." एवढंच म्हणाले.

"खरं तेच लिहिलंय," मास्तर म्हणाले. "आता तुम्हाला दुसरं चांगलं काम मिळेल. मालकांनी शब्द दिलाय."

मास्तरांचा फोटो भिंतीवर लागला. आठवड्याभरात पाहुणे आले, दुसऱ्या कारखान्यांचे मालक, लीन कसं असतं ते बघायला. सकाळपासून धावपळ. मास्तर एकदा मागच्या बाजूला गेले तर बायकांच्या संडासाचं दार अर्धवट उघडं आणि आत छतापर्यंत पोती. स्क्रूची पोती, चकत्यांची पोती, खुर्च्यांच्या मागच्या वर्षीच्या नापास पायांचे जुडगे. पाहुण्यांना जास्तीचा साठा दिसू नये म्हणून. पॅकिंगच्या तिघी बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. "संध्याकाळपर्यंत कळ काढा म्हणाले," त्यातली एक मान वळवून म्हणाली. आणि त्याच भिंतीच्या पलीकडे मोठ्या अक्षरांत पाटी, जास्तीचा साठा म्हणजे नासाडी.

मास्तरांच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. ते तडक जागेवर आले, तर तिथे घोळका जमलेला. सल्लागारानं त्यांना पेडलवर उभं केलं आणि जिग दाखवायला लागला. "दोघांचं काम आता एकटा करतो. पूर्वी तासाला चाळीस, आता पंचावन्न."

"आणि दुसरा माणूस?" एका पाहुण्यानं विचारलं. घडीची टेबलं बनवणारा होता तो, टक्कल, शर्टाच्या खिशात चार पेनं.

"त्याला मोकळा केला," सल्लागार म्हणाला.

मोकळा केलेला माणूस तिथेच उभा होता. त्याच्या हातात चहाचा ट्रे होता. टेबलवाल्यानं त्यावरचा कप उचलला, "साखर?" विचारलं, आणि भाऊजी म्हणाले, "घातलीय साहेब." अठरा वर्षं भोकावर भोक आणणारे ते हात! मास्तरांनी पेडलवरचा पाय काढून घेतला आणि पाहुणे जाईपर्यंत परत ठेवला नाही.

पंधरवड्यात भाऊजींना घरी बसवलं. मास्तर मालकांच्या खोलीत शिरले ते दार न वाजवता.

"तुम्ही शब्द दिला होता. सुधारणेमुळे कुणाला काढणार नाही म्हणून."

"सुधारणेमुळे कुठे काढलं?" मालक शांतपणे म्हणाले. "त्याला काम उरलं नाही म्हणून काढलं."

"आणि काम कशानं उरलं नाही?"

मालकांनी खण उघडला, तो अर्ज काढला आणि टेबलावर मास्तरांच्या बाजूला सरकवला. तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "अक्षर तुमचंच ना, मास्तर?"

आता बोला! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मालकाची किळस यावी तर अर्ज स्वतःचा. सल्लागाराची यावी तर त्याला 'आपला माणूस' म्हटलेलं स्वतःच. मास्तर बाहेर आले, नळावर जाऊन साबणानं हात धुतले, परत धुतले. मग जागेवर जाऊन एकट्यानं तासाला पंचावन्न खुर्च्या मारल्या. कारण घरी पगारही लागतो.

संध्याकाळी बहिणीकडे गेले. वाटलं होतं, रडेल, भांडेल. तिनं पाण्याचा पेला पुढे केला आणि समोर बसली. "दादा, तुला लहानपणापासून सगळं नीटनेटकं लागतं," ती म्हणाली. "झालं ना आता नीट?" मास्तरांनी पेला तसाच खाली ठेवला.

दोन महिने भाऊजी दारोदार फिरले. मग एक दिवस मास्तरांकडे आले. खुर्चीच्या कडेवर बसले, जणू परक्याच्या घरी आलेत. टेबलवाला त्यांना कामावर घ्यायला तयार होता. पण एका अटीवर.

"मास्तरांनी येऊन तसा जिग बसवून दिला तर, असं म्हणाले."

"तिथे रिव्हेटवर किती जण आहेत?"

"एक आहे, डावखुरा. त्याचा जोडीदार काम सोडून गेला."

"मग तुम्ही त्याचे जोडीदार. जिग कशाला?"

भाऊजी चपलेकडे बघत राहिले. "ते म्हणतात, जोडी कशाला पोसू? जिग आला की एकटा पुरतो. आणि तो एकटा म्हणजे मी, कारण मला जिग येतो."

"आणि डावखुरा?"

आतून मास्तरांच्या बायकोनं भांडं जरा जोरात आपटलं.

"भाऊजी, तुम्हाला लाज नाही वाटत?" मास्तर उसळून म्हणाले. "जे तुमच्या ताटात वाढलं तेच उचलून दुसऱ्याच्या ताटात?"

"वाटते ना," भाऊजी म्हणाले. आवाज चढला नव्हता. "रोज सकाळी वाटते. पण दादा, तुमची बहीण आता शेजारच्यांची धुणी धुते. मुलीनं शिकवणी सोडली. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा विचारणार नाही. पण लाजेचं मला नका सांगू. ती तुमच्यापेक्षा मला जास्त ओळखीची झालीय."

मास्तरांनी सुट्टीच्या दिवशी पिशवीत हत्यारं भरली आणि भाऊजींना घेऊन निघाले.

टेबलवाल्याची शेड आणखी लहान, आणखी अंधारी. डावखुरा आधीच येऊन बसला होता, सुट्टी असून. चाळिशीचा, काटकुळा, चेहऱ्यावर उगाचच आनंद. "तुम्हीच का ते जिगवाले मास्तर? या, या!" त्यानं मास्तरांसाठी स्टूल पुसलं. दिवा हातात धरून मास्तर म्हणतील तिथे उजेड पाडला. दुपारी डबा उघडला आणि अर्धा मास्तरांपुढे सरकवला. एवढा गुणी माणूस, आणि बापड्याला वाटत होतं की त्याच्या कष्टाला मदत म्हणून हा जिग येतोय! मास्तरांनी एक घास घेतला आणि डबा परत त्याच्याकडे सरकवला. त्याची नाही, स्वतःची किळस येत होती. असं वाटत होतं की आपण याच्या घरी पाहुणे म्हणून आलोय आणि जाताना याचं दार उचलून नेणार.

जेवण झाल्यावर मास्तर बराच वेळ टेबलाच्या पायाचा पाइप हातात फिरवत बसले. जिग डोक्यात तयार होता, खुर्चीच्या जिगपेक्षाही सुबक. अडसर इथे, पन्हळ तिथे, पाइप दाबून धरणारा खटका पेडलच्या बाजूलाच. एका पावलात सगळं. तीस वर्षांत सुचलं नसेल असं देखणं.

आणि मग मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाईट काम केलं.

पाट त्यांनी चांगलाच बनवला, खाचा चांगल्या, पन्हळ चांगली. पण पाइप दाबून धरणारा खटका बसवला तो पार दुसऱ्या टोकाला, सहा फुटांवर. एकानं तिथे उभं राहून तो दाबून धरायचा, तेव्हा इकडच्यानं पेडल मारायचं. त्या खटक्याला तिथे असण्याचं काडीचंही कारण नव्हतं. भोक पाडताना मास्तरांचा ओठ नाकाला भिडला होता. शुद्ध नासाडी! सहा फूट नासाडी! सल्लागाराच्या सातात बसणार नाही अशी आठवी. एकदा तर त्यांचा हात आपसूक खटका जवळ आणायला गेला, आणि त्यांनी तो हात दुसऱ्या हातानं धरून मागे घेतला.

भाऊजी पाइप द्यायला आले. त्यांनी खटका बघितला. सहा फुटांचं अंतर बघितलं. मग मास्तरांकडे बघितलं. अठरा वर्षांची जोडी ती, शब्द लागत नव्हताच. भाऊजी मुकाट्यानं दुसऱ्या टोकाला जाऊन खटका दाबून उभे राहिले.

टेबलवाला आला, चारही पेनं खिशात. "तिकडे तर एकटाच करत होता," त्याच्या कपाळाला आठी पडली.

"तिकडे खुर्ची, आखूड पाय," मास्तर म्हणाले. "तुमचं टेबल. लांब पाय. पलीकडून दाबला नाही तर उसळतो. बघा." त्यांनी भाऊजींना हात काढायला सांगितलं आणि पेडल मारताना पाइपला हळूच गुडघा लावला. पाइप फटकन उडाला, टेबलवाला दोन पावलं मागे सरला. "बोट गेलं एखाद्याचं तर काय कराल?" मास्तरांनी विचारलं. खोटं बोलताना त्यांचा आवाज एवढा चिडलेला होता की कुणालाही खरा वाटावा.

"पण तासाला किती?"

"दोघं मिळून पंचवीस करत होते ना? पन्नास घ्या."

पन्नास म्हटल्यावर आठी गेली. टेबलवाल्यानं दहा मिनिटं मोजून बघितलं, आठ झाले, नववा होत आला होता. "ठीक आहे. मग दोघंही राहू देत," तो म्हणाला आणि फोनवर बोलत दाराकडे गेला.

मास्तर हत्यारं गोळा करायला वाकले. एवढ्यात डावखुरा उड्या मारत आला. त्याच्या हातात खडू होता. त्यानं टेबलाच्या पत्र्यावर भराभर काहीतरी काढलं, पेडल, खटका, दोन्हींच्या मध्ये एक तार.

"मास्तर, एक सांगू? रागावू नका, तुमच्यापुढे मी काय!" त्याचे डोळे लकाकत होते. "हा खटका तिकडे कशाला हवा? इथून तार ओढून पेडललाच जोडली तर? पाय दाबला की दोन्ही कामं! दुसरा माणूस लागतच नाही! मालकांना दाखवतो थांबा..."

चित्र बिनचूक होतं. मास्तरांच्या डोक्यातल्यापेक्षाही सोपं. हा चेहरा, हा आनंद मास्तरांनी चांगला ओळखला. दारातून टेबलवाल्यानं फोन खाली घेत विचारलं, "काय म्हणतोय डावखुरा?"

मास्तरांनी डावखुऱ्याचं मनगट पकडलं, असं की खडू खाली पडून मोडला.

"म्हणतोय, खटका जरा घट्ट आहे," ते मोठ्यानं म्हणाले. "उद्या तेल घाल म्हटलं."

"घाल, घाल," म्हणत टेबलवाला बाहेर गेला.

"अहो, पण मी तर..." डावखुरा गोंधळला. "हे खरंच चालेल, मास्तर."

"चालेल," मास्तर म्हणाले. मनगट अजून सोडलं नव्हतं. "झकास चालेल. घरी कोण कोण असतं तुझ्या?"

"आई आहे. बायको. दोन मुली."

"आणि पलीकडे उभा आहे त्याच्याही घरी आहेत. आता सांग मला, तार जोडल्यावर तुम्हा दोघांतला घरी कोण जाईल?"

डावखुऱ्यानं भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी नजर खाली घातली, पण खटक्यावरचा हात काढला नाही. मग डावखुऱ्याच्या चेहऱ्यावरचा तो सकाळपासूनचा आनंद हळूहळू उतरला. त्यानं अंगठ्याला थुंकी लावली, पत्र्यावरचं चित्र नीट, एकेक रेघ करून पुसलं आणि पेडलपाशी जाऊन उभा राहिला.

"हं, दाबा पलीकडून," तो भाऊजींना म्हणाला.